आधी फ्रॉम, मग सिलेक्ट

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायची भाषा. ती लिहिताना एडिटर पुढचे शब्द सुचवतो, त्या कम्प्लीशनमुळे नवी मुलं आळशी होतात, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. शेकडो टेबलांच्या, म्हणजे तक्त्यांच्या, डेटाबेसमध्ये ग्राहक क्रमांकाच्या कॉलमचं नाव एका ठिकाणी 'कस्ट_आयडी' आणि दुसरीकडे 'कस्टमर_नंबर' आहे, हे पाठ करण्यात कसली हुशारी?

खरी अडचण वेगळीच आहे. एसक्यूएलमध्ये कुठले कॉलम हवेत ते सांगणारं सिलेक्ट आधी येतं आणि टेबलाचं नाव नंतर, फ्रॉममध्ये. त्यामुळे सिलेक्टपाशी कुठल्या टेबलाचे कॉलम सुचवायचे हे एडिटरला कळतच नाही. म्हणून मी टीममध्ये सगळ्यांना सांगते, आधी 'सिलेक्ट * फ्रॉम ऑर्डर्स ओ' एवढं लिहा ('ओ' हे ऑर्डर्स टेबलाचं छोटं नाव), मग मागे येऊन स्टार खोडा, तिथे 'ओ' लिहा आणि त्यापुढे टिंब द्या. बरोब्बर त्याच टेबलाचे कॉलम समोर येतात.

एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये टेबलात नुकत्याच टाकलेल्या कॉलमच्या नावाखाली चूक असल्यासारखी लाल रेघ दिसते, कारण इंटेलिसेन्स, म्हणजे त्यातली सुचवण्याची सोय, आधी साठवलेली यादी वाचत असतं. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, यादी ताजी होते.

डेटाग्रिप हा दुसरा एडिटर तर फॉरेन की (एका टेबलाचा कॉलम दुसऱ्या टेबलाशी बांधणारा नियम) बघून जॉइनची, म्हणजे दोन टेबलं जोडायची, अटही सुचवतो. पण फॉरेन की लावलेल्याच नसतील तर कॉलमच्या नावांवरून अंदाज बांधला जातो, आणि चुकीचा जॉइन तिथेच शिरतो. जुन्या डेटाबेसांत हे सर्रास दिसतं. लेखात यावर लिहायला हवं होतं.