क्रँक पुली आणि ‘एकच तर बोल्ट आहे’

व्हॉट्सअ‍ॅपवर नि व्हिडिओंतून सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. थोडक्यात असा: क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली म्हणजे बेल्ट फिरवणारं साधं चाक, एका बोल्टवर बसलेलं. बोल्ट हलत नसेल तर पाना अडकवून स्टार्टर मारा. पुली पुलरने ओढून काढा, नवी हातोडीने ठोकून बसवा, बोल्ट जीव खाऊन आवळा. अर्ध्या तासाचं काम, गॅरेजवाले उगाच लुटतात. वर खिरापत म्हणून, हलकी अ‍ॅल्युमिनियमची पुली टाकली की पिकअपही वाढतो!

हे काम घरी करूच नये, असं मी म्हणणार नाही. हात बसलेला असेल तर जरूर करावं. पण या पद्धतीने नाही.

‘साधं चाक’ इथूनच गाडी घसरते. बहुतेक आधुनिक गाड्यांत ही पुली एकसंध नसते. आत हब, बाहेर बेल्टच्या खाचा असलेली जड रिंग आणि दोघांच्या मध्ये रबर. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की क्रँकशाफ्टला पीळ पडतो आणि लगेच उलटा सुटतो. मिनिटाला हजारो वेळा. ती थरथर जिरवायचं काम रिंग नि रबर मिळून करतात. रबर वयाने कडक झालं किंवा त्यावर ऑइल गळत राहिलं, की रिंग हबवरून सरकते, डगमगते, बेल्ट चिरचिरतो. खात्री करून घ्यायला खर्च नाही: हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि काही दिवस गाडी चालवा. रेघेचे दोन तुकडे पुढेमागे झालेले दिसले, तर रबर सुटलंय. रेघ सरळच राहिली आणि पुली डगमगतही नसेल, तर आधी टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचं) बेअरिंग तपासा. तिथला आवाजही पुलीच्या नावावर खपतो.

त्या पिकअपचा हिशेबही यातच आला. अ‍ॅल्युमिनियमच्या एकसंध पुलीत रबर नसतं, म्हणजे पीळ जिरवणारा भागच तुम्ही काढून टाकता. मूळ पुलीच एकसंध असलेली इंजिनं आहेत, तिथे तक्रार नाही. बाकी ठिकाणी तो पीळ क्रँकशाफ्ट नि बेअरिंगांनी सोसायचा.

आता स्टार्टरची युक्ती. गोटी पान्याचा दांडा चॅसीला टेकवायचा आणि चावी फिरवायची. युक्ती खोटी नाही. जुने मेकॅनिक ती करतात. पण इंजिन कुठल्या दिशेने फिरतं, हे त्यांना माहीत असतं. जुन्या होंडांची डी-सिरीज इंजिनं उलटी फिरतात. तिथे स्टार्टर मारला तर बोल्ट सुटायच्या ऐवजी आणखी आवळला जातो. शिवाय गोटी सटकली तर तो लोखंडी दांडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ऑटोमॅटिकमध्ये ते चालत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये नुसता द्रवच असतो. तिथे पुली धरणारं हत्यार किंवा फ्लायव्हीलचं लॉक हवं.

पुलर लावायचा तर हबच्या आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून, तीन पायांचा नव्हे. बाहेरच्या रिंगेला आकडे लावून ओढलं की रबर फाटून रिंग हातात येते आणि हब जागच्या जागी. नवी पुली ठोकण्याबद्दल एवढंच, की तो प्रत्येक घाव क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. हबच्या ज्या भागावर ऑइल सीलची कड घासते, तिथे बोट फिरवून पाहा. खाच लागली तर सील बदलूनही गळती थांबणार नाही.

खरा घोळ ‘जीव खाऊन आवळा’ यात आहे. हा बोल्ट नुसती पुली धरत नाही. तो पुली आणि टायमिंगचं चाक (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा बेल्ट किंवा साखळी फिरवणारं) यांना क्रँकशाफ्टच्या टोकावर दाबून ठेवतो. ताकद त्या दाबातून जाते. मधली छोटी चावी (गाडीची किल्ली नव्हे, खाचेत बसणारा धातूचा तुकडा) मुख्यतः जागा दाखवायला असते, भार ओढायला नाही. दाब कमी पडला की चावी हलू लागते, खाच रुंदावते आणि शेवटी क्रँकशाफ्ट बाद. माझ्दाच्या एमएक्स-5च्या सुरुवातीच्या 1.6 इंजिनांत क्रँकशाफ्टचं टोक आखूड होतं. तिथे हेच होऊन गाड्या बदनाम झाल्या आणि 1991 मध्ये कंपनीने टोकच लांब केलं. फोर्डच्या सिग्मा इंजिनांत (आपल्याकडच्या 1.6 पेट्रोल फिएस्टात तेच होतं) टायमिंगच्या चाकाला चावीच नाही, सगळं त्या बोल्टच्या दाबावर. टायमिंग लॉक न करता तो सैल केलात, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायची वेळ येऊ शकते. स्टार्टरची युक्ती इथे करून पाहा म्हणणाऱ्याला दंडवत.

म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधला टॉर्कचा, म्हणजे आवळायच्या जोराचा, आकडा पाळायचा. अनेक गाड्यांत तो 100 न्यूटन-मीटरच्या वर असतो, काहींत 200च्याही पुढे, तर काहींत आधी ठराविक टॉर्क आणि मग बोल्ट आणखी ठराविक अंश फिरवायचा. अंशांचा बोल्ट ताणला जातो, तो पुन्हा वापरायचा नाही. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे, हेही तिथेच दिलेलं असतं, आणि त्याने दाब चांगलाच बदलतो. घरातला छोटा टॉर्क पाना बऱ्याचदा इथवर पोचत नाही. इम्पॅक्ट गन सोडवायला ठीक, आवळायला नको.

राहिला अर्धा तास. पुली आणि चॅसीच्या मध्ये कित्येक गाड्यांत जेमतेम हाताचा पंजा जातो. चाक नि आतलं प्लॅस्टिक काढायचं, गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर ठेवायची, आणि काही मॉडेल्समध्ये ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा देऊन इंजिन माउंटही सोडवावा लागतो. गॅरेजवाला पैसे घेतो ते बरेचसे याचे.