दिसतंय का, जावईबापू?

नव्याकोऱ्या कॅमेऱ्यातून मला पहिल्यांदा जे दिसलं, ती एक पांढरी टोपी होती. कडक इस्त्रीची, वरून दिसणारी, सात इंची पडद्याच्या बरोबर मधोमध. टोपीच्या दोन्ही अंगांना दोन हात होते आणि ते जोरजोरात हलत होते. टोपीच्या पलीकडे माझी जागा होती, पाण्याविजेचा खांब होता, एक ओकचं झाड होतं आणि त्यामागे तळं होतं, असं पार्कच्या नकाशात छापलेलं आहे. मला त्यातलं काही दिसलं नाही. टोपी जागची हलेना.

टोपी मामांची. मामा म्हणजे बायकोचे मामा. मुक्काम कऱ्हाड, एसटीतून निवृत्त ड्रायव्हर, सध्या सहा महिन्यांसाठी टेक्सासात आमच्याकडे. स्थळ, ऑस्टिनच्या वायव्येला असलेलं इंक्स लेक स्टेट पार्क. वेळ शनिवार दुपारची, म्हणजे सगळं पार्क जेवून, खुर्च्या टाकून, दुसऱ्यांची फजिती बघायला मोकळं होतं तेव्हाची.

आधी कॅमेऱ्याचं सांगून टाकतो, कारण तो राग वेगळा आहे.

ट्रेलर, म्हणजे पिकअप ट्रकमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला तेव्हा विक्रेत्याच्या यादीत 'बॅकअप कॅमेरा प्रेप' असं ठळक अक्षरांत होतं. या 'प्रेप'चा अर्थ असा की, मागच्या भिंतीवर छपराच्या कडेखाली चार स्क्रूंची एक प्लॅस्टिकची झाकणी आणि झाकणीच्या आत एक वायर. कॅमेरा तुम्ही आणायचा. पुण्यात बिल्डर भिंतीतून वायरची शेपटी लोंबती ठेवून ब्रोशरमध्ये 'एसी पॉइंट' लिहितात, तोच हा वंश. सव्वीस फुटी गाडी, आत ओव्हन आहे, टीव्हीखाली विजेवर चालणारी खोटी शेकोटी आहे (टेक्सासात!), छतात निळे दिवे आहेत. फक्त मागचं बघायची सोय नाही. आणि ही कल्पना काही काल सुचलेली नाही. १९५६ साली ब्यूकने सेंच्युरियन नावाच्या प्रदर्शनाच्या गाडीतून आरसे काढून मागे टीव्हीचा कॅमेरा बसवला होता. त्यानंतर सत्तरेक वर्षांनी माझ्यापर्यंत झाकणी पोचली.

कायद्याला विचारावं, तर कायदा म्हणतो, ट्रेलर माझ्यात येत नाही. १ मे २०१८ पासून अमेरिकेत १०,००० पौंड वजनापर्यंतच्या नव्या कार आणि ट्रकना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. गाडीमागची १० फूट बाय २० फूट जागा त्यात दिसली पाहिजे, तीही रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत. घराच्याच दारात, घरच्याच माणसाच्या गाडीखाली गेलेल्या लहान मुलांमुळे हा कायदा २००८ साली झाला आणि पुरता अमलात यायला दहा वर्षं लागली. त्यात हसण्यासारखं काहीही नाही. पण त्यातून मोटारसायकली आणि ट्रेलर वगळले आहेत. त्यामुळे माझा ट्रक रिव्हर्स टाकल्याबरोबर, कायद्याचा पूर्ण मान राखून, २ सेकंदांच्या आत मला अत्यंत स्पष्टपणे माझ्याच ट्रेलरचं नाक दाखवतो.

मग कॅमेरा निवडणं आलं. वायरचा घ्या, तर ती वायर ट्रेलरच्या शेपटापासून पोटातून, हिचवरून (ट्रक आणि ट्रेलर जोडणारा आकडा), ट्रकच्या काचेपर्यंत ओढत आणा. बिनवायरचा स्वस्तातला घ्या, तर तो अ‍ॅनालॉग. त्याचं चित्र हवेत उघडं सोडलेलं, म्हणजे महामार्गावर तसाच कॅमेरा लावलेला कोणी शेजारून गेला की त्याच्या गाडीमागचं दृश्य तुमच्या पडद्यावर. डिजिटल घ्या, तर तो आपल्या पडद्याशीच जोडी जमवतो, पण बोलतो २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हचा ओव्हन आधीच दाटीवाटीने राहतात. खोक्यावर लिहिलेलं, रेंज ५०० फूट. खाली मुंगीच्या अक्षरात, 'मध्ये अडथळा नसताना'. अहो, मध्ये ट्रेलर असतो! ट्रेलरसाठी विकलेल्या कॅमेऱ्याच्या आणि ट्रकच्या मध्ये ट्रेलर असणार नाही, हे कोणत्या मीटिंगमध्ये ठरलं? तिथे एकाने तरी हात वर करायला हवा होता.

ज्याने ट्रेलर विकला, तो कॅमेरा बसवायचे तासाला १८० डॉलर मागत होता. चार स्क्रू! मी शिडी आणली. मामांनी शिडी धरली. इथून त्यांचा या प्रकरणात प्रवेश झाला.

"जावईबापू, ह्ये कशाला लावताय?"

"मागचं दिसायला, मामा."

"मी हाय की."

"तुम्ही काय कायमचे असणार आहात का?"

शिडीखाली शांतता पसरली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा चेहरा दिसला. मी घाईने म्हणालो, "म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही परत जाणार ना, असं." मामा म्हणाले, "हां, तसं व्हय." पण शिडी तेव्हापासून जरा सैल धरली.

कॅमेरा बसला, पडदा लावला, पडदा काळा. 'नो सिग्नल'. जागा बदलली, अँटेना वाकवली, मॅन्युअल वाचलं. मॅन्युअलच्या मागच्या पानावर, वॉरंटी संपली की काय करायचं याच्याही खाली, एक ओळ होती. कॅमेऱ्याला वीज मिळते ती ट्रेलरच्या पार्किंग लाइटांच्या वायरीतून. म्हणजे भर उन्हात दिवे लावले तरच हा डोळा उघडणार. दिवे लावले. मामांनी मान हलवली. "दिवसाढवळ्या लाइट. आमच्या डेपोत मेमो दिला असता."

मामांची सगळी हयात कऱ्हाड–चिपळूण फेरीत, कुंभार्ली घाटात गेली. पावसाळ्यात, धुक्यात, दरड उतरलेली असताना त्यांनी लाल गाडी वर नेली आणि खाली आणली, आणि माणसं सुखरूप घरी पोचवली. या गोष्टीचा मला मनापासून आदर आहे, आणि इथून पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तो लक्षात ठेवावा. त्यांचं दुःख वेगळं होतं. ते त्यांनी त्या दिवशी वाटेत सांगितलं. "एवढी वर्सं गाडी मागं घ्येतली ती कंडक्टरच्या शिट्टीवर. त्यो म्हनंल तवा थांबायचं, त्यो म्हनंल तवा यायचं. कालचं पोर असायचं यकेक. आपन काय बोलायचं न्हाई. मागं हुबं ऱ्हायचा मान ड्रायव्हरला कुटला?"

हे ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं, असं बायको म्हणते. मला ते पटत नाही. निवृत्त माणूस मनातलं बोलला, यात धोक्याची घंटा कुठे होती?

पार्कात आमच्या जागेसमोर ट्रक थांबवला, आणि मी दिवे लावायच्या आत मामा उतरले. माझी पडद्याची जुळवाजुळव होईपर्यंत ते ट्रेलरच्या मागे पोचलेही होते. दोन सेकंदांत. कायद्यात बसले असते.

"घ्या मागं! घ्या, घ्या, घ्या! येऊ द्या!"

आता ट्रेलरचं शास्त्र सांगतो, थोडक्यात. बस मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे जातं. ट्रेलर जोडलेला असला की स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर ट्रकचा पार्श्वभाग उजवीकडे जातो आणि ट्रेलरचं शेपूट डावीकडे. म्हणून जाणकार सांगतात, हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात सरकवा. मी हात तळाशी धरला. मामा ओरडले, "उजवी मारा!" म्हणजे शेपूट उजवीकडे हवंय. कुंभार्ली घाटात याचा अर्थ एकच होतो. इथे मी उजवी मारली, शेपूट डावीकडे निघालं, विजेच्या खांबाकडे.

"आवो उजवी! उजवी म्हंतोय मी!"

मी आणखी उजवी मारली. शेपूट आणखी डावीकडे. वडीलधाऱ्या माणसाचं ऐकू नये तर काय करावं?

त्यात कॅमेऱ्याचं चित्र कारखान्यातून आलं होतं तसं, म्हणजे आरशाच्या उलट. मामांनी उजवा हात हलवला की पडद्यावर तो डावीकडे हलायचा. ट्रेलर उलटा, चित्र उलटं आणि मामांचा सल्ला बसचा, म्हणजे तोही उलटा. वजा गुणिले वजा अधिक, एवढं शाळेतलं आठवत होतं, पण इथे वजा तीन होते. तरीही थोड्या वेळाने माझं डोकं त्या उलटेपणाला सरावत आलं होतं. नेमक्या त्याच वेळी मागच्या सीटवरून मुलगी पुढे वाकली, पडद्याची दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "बाबा, मिरर मोड ऑन केला. आता बरोबर दिसेल." सगळं जग जागच्या जागी उलटलं. मला गरगरलं.

मामांनी तेवढ्यात ट्रेलरवर थाप मारली. एसटीचा पत्रा थापेसाठी जन्मलेला असतो. ट्रेलरची भिंत तशी नसते. आत कपाट उघडून स्टीलची ताटं खाली आली, आणि तो आवाज तळ्याच्या पलीकडे गेला. समोरच्या खुर्च्यांतल्या लोकांनी माना वळवल्या. एका बाईने नवऱ्याला झोपेतून उठवलं.

मी खिडकीतून डोकं काढलं. "मामा, एक थाप म्हणजे थांबा ना?"

"एक म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला."

"पण तुम्ही तीन मारल्या!"

"तिसरी आपसूक झाली. तुमी ध्यान देऊ नका. घ्या!"

"मामा, तुम्ही जरा बाजूला उभे राहा. कॅमेऱ्यासमोर तुमची टोपी येतेय. मला मागचं काही दिसत नाही."

यावर मामांनी वर बघितलं. थेट कॅमेऱ्यात. पडद्यावर टोपीच्या खाली त्यांचा चेहरा उगवला, मिशा, चष्मा, सगळं. त्यांनी हसून विचारलं, "मी दिसतोय का, जावईबापू?"

"दिसताय."

"मंग झालं की! मला मागचं दिसतंय, तुमाला मी दिसतोय. आनि काय पायजे?"

या युक्तिवादाला उत्तर मी अजून शोधतोय. शनिवारची रात्र त्यातच गेली. तीनशे डॉलरचा कॅमेरा, डिजिटल, पावसात चालणारा, अंधारात इन्फ्रारेडने बघणारा, आणि त्याचं काम काय, तर मामा दिसणं. बायको शेजारच्या सीटवर तोंडाला ओढणी लावून बसली होती. ती रडत नव्हती.

ट्रेलर अखेर जागेत गेला. कसा, ते महत्त्वाचं नाही. खांब उभा आहे. ओकची थोडी साल गेली असेल, तर ती आधीचीच होती. मी ट्रकमधून उतरलो तेव्हा समोरच्या खुर्च्यांतून टाळ्या वाजल्या. मी हात वर करणार होतो, पण त्या टाळ्या मामांकडे बघून होत्या. मामांनी टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

संध्याकाळी शेजारच्या जागेत ओक्लाहोमाची पाटी लावलेला एक प्रचंड फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) आला. आमच्यापेक्षा दहा-बारा फूट लांब. त्याला मागे कॅमेरा, दोन्ही बाजूंना कॅमेरे, आणि चालवायला एक सत्तरीचा शांत गृहस्थ. मामा चहा पीत होते. कप माझ्या हातात आला आणि मामा गेले.

"येऊ द्या! येऊ द्या! डावी! जरा डावी! आता सरळ करा, सरळ!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते अवाढव्य धूड एका दमात, आखून दिल्याप्रमाणे, जागेच्या मधोमध उभं होतं. कारण उघड आहे. त्या भल्या माणसाला मराठी येत नव्हतं. मामा काय सांगताहेत ते त्याला एक अक्षर कळलं नाही, म्हणून त्याने निवांतपणे आपल्या आरशांत बघितलं, आपला पडदा बघितला, हात स्टेअरिंगच्या तळाशी ठेवला आणि गाडी लावली. माझं दुर्दैव एवढंच की मला मातृभाषा येते.

हे मी त्या गृहस्थाला कसं समजावणार? तो उतरला, मामांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, तीन तीन कॅमेरे लावलेत मी, पण असा माणूस मागे उभा असला की जिवाला बरं वाटतं. तासाभराने त्याची बायको पीच कॉबलर, म्हणजे पीचचा भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली. भांडं मामांच्या हातात दिलं. मामांनी मला एक वाटी काढून दिली, म्हणाले, "खावा. शिकाल हळूहळू."

रात्री मामांचा कऱ्हाडला फोन. तिकडे सकाळ. पलीकडे डेपोतले कोणी जुने सोबती असावेत. "न्हाई रं, हितं कॅमेऱ्याचं काय खरं न्हाई. उगं लावत्यात. मानूस लागतोच." मी बाहेर येऊन बसलो. तर समोरचे खुर्चीवाले हात करून विचारतात, तुमचे काका उद्या दुपारपर्यंत आहेत ना? आमच्या मित्राचा ट्रेलर यायचाय.

रविवारी निघताना मामा जरा खट्टू दिसले, कारण जागेतून बाहेर पडायचं ते पुढेच. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. हमरस्त्याला लागेपर्यंत ते गप्प होते. मग मागच्या सीटवरून आवाज आला.

"जावईबापू, ही गाडी घरी ऱ्हात न्हाई न्हवं? त्या भाड्याच्या जागंत ठेवता?"

"हो, स्टोरेजमध्ये."

"मंग तितं मागं घ्यायला लागंल का?"

"नाही, मामा. तिथे सरळ आत जाते."

"काय हो," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन गाड्यांच्या मध्ये रिव्हर्समध्येच घालावी लागते की."