माझ्याच घराचा कोड, पण मला सांगायचा नाही!

बॅटरी उतरलीय, एवढंच सांगायचं होतं घरातल्या त्या चोर-अलार्मच्या डबड्याला. त्यासाठी रात्री अडीचला उठवायचं? टुंक टुंक. 10 सेकंद शांतता. परत टुंक टुंक. स्क्रीनवर पान्याचं चित्र लुकलुकतंय. काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, काही पत्ता नाही, नुसता पाना. बटण दाबलं की गप्प, डोळा लागला की पुन्हा सुरू. पुस्तिकेत त्या पान्यापुढे काय छापलंय? ‘इन्स्टॉलरशी संपर्क साधा.’ अडीचला साधते हं, थांबा.

गुरुवारी दिवसभर लाइट नव्हती. पुण्यात राहणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. आतली 12 व्होल्टची बॅटरी आधीच म्हातारी झालेली, ती बसली. तशी बॅटरी कोपऱ्यावरच्या इन्व्हर्टरवाल्याकडे मिळते, मीच बदलली असती. पण पेटीचं झाकण उचललं की छेडछाड पकडणारा टॅम्पर स्विच सुटतो आणि सायरन अख्खी सोसायटी गोळा करतो. तो आधी गप्प करायला इंजिनिअर कोड, म्हणजे दुरुस्तीवाल्यांचा खास कोड हवा. आणि तो मागितला की, ‘मॅडम, तो कस्टमरला देत नाही.’ का? ‘पॉलिसी आहे.’ पैसे माझे, भिंत माझी, तिला पाडलेली भोकंसुद्धा माझी!

तर ‘उद्या फर्स्ट हाफ’ म्हणालेला मुलगा साडेचारला उगवला. मी शेजारीच उभी. त्याने खांदा आडवा घातला, डावा हात कीपॅडवर धरला, एटीएमपाशी धरतात तसा, आणि कोड दाबला. माझ्यापासून लपवून! माझ्या हॉलमध्ये! मी त्याला वर चहा विचारला होता. तो प्यायलाही, बिस्किटं बुडवून. मग बॅटरीचे वेगळे, व्हिजिटचे वेगळे आणि त्यावर जीएसटी. मी म्हटलं, बाबा रे, चोर कोण आहे नक्की इथे? तो हसला. ‘फाइव्ह स्टार द्या मॅडम.’

आमचा रोजचा कोड मात्र बसवताना हाच 1234 ठेवून गेला होता. ‘नंतर बदलून घ्या.’ बदलायचा कसा? स्टार, पाच, मास्टर कोड, युजर नंबर, मग नवा कोड. मधे चष्मा शोधायला थांबलात की लांबलचक टुंऽऽक, करा पहिल्यापासून. रबराची बटणं, त्यातलं सात दोनदा दाबावं लागतं, पण कधीकधी एकदाच. बाहेरून आलं की कोड दाबून अलार्म बंद करायला 30 सेकंद मिळतात. दुधाची पिशवी, छत्री, किल्ल्या, लॅचमध्ये अडकलेली ओढणी, आणि सासूबाई जिन्यातून खणखणीत आवाजात, ‘अगं, सदुसष्ट एकवीस ना?’ आता तो कोड तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. इंजिनिअर कोड मात्र गुप्त!

सेन्सरचं तर बोलूच नका. समोरून पाल गेली की बोंब. गणपतीत पंख्याने पडदा हलला तर बोंब. आणि मागच्या गॅलरीतून खरोखरच कुणी कुंड्या पळवल्या तेव्हा? शांत. कारण गॅलरी झोनमध्ये, म्हणजे अलार्मच्या पहाऱ्यात, ‘इन्क्लुडेड नाही, एक्स्ट्रा पडेल.’

हल्ली सगळंच टुंकटुंकतं म्हणा. वॉशिंग मशीन, फिल्टर, फ्रिजचं दार. लिफ्ट तर ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत दुपारभर गळा काढते आणि दार उघडं टाकणारा तिसऱ्या मजल्यावर निवांत जेवत असतो. त्याचं नाव मला माहीत आहे.

परवा मी त्या कीपॅडवर ओरडले, ‘दाबलं ना आत्ता, मेल्या, किती वेळा दाबू?’ समोरच्या काकूंनी दार किलकिलं केलं. आमचे हे तेव्हा ऑफिसात होते, हे काकूंना पटवता पटवता माझे 30 सेकंद संपले. सायरन. वॉचमन वर आला, सासूबाईंनी त्यालाही कोड सांगितला.