‘मस्त आलाय’ म्हणजे नेमकं काय आलाय?

भाच्याने सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला धड फोटो टाकला. इंदूरच्या सराफ्यातला, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या बाजारातला. रात्रीची गर्दी, दिव्यांचा झगमगाट, आणि दहीवडेवाला द्रोण हवेत उडवतोय. इंदूरकरांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. खाली लिहिलं होतं, ‘कसा आलाय? खरं सांगा.’

खरं कोण सांगतंय! मावशीने एकापाठोपाठ एक अंगठे उठवले. दादांनी विचारलं, कॅमेरा केवढ्याला पडला? आणि त्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, ‘एवढ्या रात्री सराफ्यात कोणाबरोबर होतास?’ एवढंच लिहिलं. मला विचाराल तर त्यातल्या त्यात फोटो लक्षपूर्वक पाहिला तो तिनेच.

मग पोराने तोच फोटो शहरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. तिथे उलटी तऱ्हा. ‘नॉइज (अंधारातल्या फोटोत उमटणारे दाणे) फार आहे.’ ‘द्रोण ब्लर झालाय.’ ‘रूल ऑफ थर्ड्स पाळ’, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेव. एका महाभागाने तर न विचारता फोटोचे रंग भडक करून परत पाठवला. दही निळं दिसायला लागलं होतं. त्यावर चार जणांची वाहवाही आली, म्हणजे निळ्या दह्यावर!

माझं म्हणणं असं की घरच्यांनी फोटो पाहिला नाही आणि त्या जाणकारांनीही पाहिला नाही. एकांनी भाचा पाहिला, दुसऱ्यांनी चुका.

मी उमेदीची वर्षं कलर लॅबच्या काउंटरवर काढली. रोल धुवायला देणारा माणूस पाकीट हातात पडताच तिथेच उघडायचा. छत्तीसांतले निम्मे फोटो मुंडकी कापलेले, हललेले. पण तो एखादा फोटो काढून माझ्यासमोर धरायचा आणि सांगायचा, ‘हे बघा, इथे मागे आमची म्हातारी हसतेय.’ म्हातारी नखाएवढी असायची. पण एकदा त्याने बोट ठेवलं की मलाही तीच दिसायची, आणि मग बोलायला काहीतरी हाती लागायचं. आज फोटो मुकाच येतो. खाली फक्त ‘कसा आलाय?’ आता यावर माणूस ‘मस्त’ म्हणणार नाही तर काय करणार?

म्हणून भाच्याला फोन करून एकच विचारलं, ‘बटण नेमकं कशासाठी दाबलंस?’

म्हणाला, ‘मामा, तो मुलगा.’

कोणता मुलगा? फोटो मोठा करून पाहिला तेव्हा डावीकडे खालच्या कोपऱ्यात, माणसांच्या कोपरांच्या मधोमध, लाल स्वेटरमधलं पाच-सहा वर्षांचं पोर सापडलं. मान मागे टाकलेली, तोंड आ वासलेलं, आणि हातातला चमचा तसाच अधांतरी. द्रोण परत हातात येतो की नाही याच्यावर त्याचा जीव टांगलेला. अहो, फोटो तर तिथे होता! आणि इतक्या अभिप्रायांत त्या पोराचा उल्लेख एकाही ठिकाणी नव्हता.

का नव्हता, हे सांगणं म्हणजे अभिप्राय. त्या पोरापासून तिरकं वर, अगदी वरच्या कडेला, दुकानाची पाटी जास्त प्रकाशाने पांढरीफट झालेली. अंधाऱ्या फोटोत नजर आधी सर्वांत उजळ जागेकडे धावते आणि तिथेच अडकते. पोरापर्यंत ती पोचतच नाही. त्यात लेन्स अठरा-पंचावन्न मिलिमीटरची, आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद, आणि फोटो काढलाय अठरावर. इतक्या रुंद चौकटीत पोर तांदळाच्या दाण्याएवढं होणारच. तो म्हणाला, मग झूम करायला हवं होतं का? नाही रे बाबा. या लेन्सचं तोंड अठराला एफ साडेतीन उघडतं आणि पंचावन्नला जेमतेम पाच पूर्णांक सहा; एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान. म्हणजे प्रकाश अडीच पटीने कमी, आणि सराफ्यात रात्री आधीच प्रकाशाची बोंब. झूम नको, पाय वापर. दोन पावलं पुढे जा आणि गुडघ्यावर बस. खाली बसलास की पोर पुढे मोठं येईल, पाटी त्याच्या डोक्यामागे जाईल किंवा चौकटीबाहेर, आणि द्रोण त्याच्या वर आकाशात.

आता तो ब्लर. फोटो काढलाय १/३० सेकंदावर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा तेवढा वेळ उघडा होता. द्रोण मीटरभर उंच उडवला तर हातातून सुटताना तेवढ्या वेळात तो १४ सेंटिमीटर पुढे सरकतो, त्याची रेघच उमटणार. पण टोकाला गेला की क्षणभर थांबतो. तो क्षण मधोमध पकडला तर त्याच १/३० मध्ये तो दीड मिलिमीटरसुद्धा हलत नाही. म्हणजे महाग कॅमेरा नको, वेळ साधायला हवी. आणि खरं सांगू का, या फोटोत ती पांढरी रेघ मला खटकलीच नाही. तिच्यामुळे तर कळतं की पोर कशाकडे बघतंय. उलट १/१०००वर गोठवलेला द्रोण तारेला टांगल्यासारखा दिसला असता. नॉइजचं म्हणाल, तर चार बाय सहाच्या प्रिंटवर तो कुणाला दिसणारही नाही. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून दाणे मोजत बसायची हौस ज्यांना आहे त्यांनी खुशाल मोजावेत.

रूल ऑफ थर्ड्सबद्दल माझं मत जरा तिखट आहे. नियम वाईट नाही. पण ज्याला फोटोत काय आहे हेच दिसलेलं नाही, त्याने ते कुठे ठेवायचं हे सांगू नये.

खरी दाद कशी असते, त्याचं उदाहरण आमच्या इंदुरातलंच आहे. इथे लाला दीनदयाळ नावाचा एक तरुण १८६६ साली बांधकाम खात्यात नोकरीला लागला. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला, फोटोग्राफर नव्हे. १८७४च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला आणि दहा-अकरा वर्षांत तो हैदराबादच्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. पुढे ‘राजा’ ही पदवी मिळाली. त्याला दाद देणारे मोजकेच होते, पण जोरदार: इंदूरचे दुसरे तुकोजीराव महाराज होळकर, मध्य भारतातला बडा इंग्रज अधिकारी हेन्री डेली, नंतर त्याच्या जागी आलेला लेपल ग्रिफिन. आणि त्यांची दाद कशी? ग्रिफिनने त्याला बुंदेलखंडच्या दौऱ्यावर नेलं, जुन्या इमारतींचे फोटो काढायला लावले. नुसतं ‘वाहवा’ म्हणून सोडलं नाही, पुढचं काम हातात दिलं. शिकणाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

विचारणाऱ्यांनाही एक सांगतो, कारण चूक एकट्या बघणाऱ्यांची नाही. ‘कसा आलाय’ विचारू नका. फोटो आधी काही न लिहिता दाखवा आणि विचारा, तुम्हाला यात पहिलं काय दिसलं? उत्तर ‘पाटी’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमचं काम झालं. मग सांगा की मला हा मुलगा दाखवायचा होता. यानंतर जो कोणी बोलेल तो कामाचंच बोलेल, मग तो जाणकार असो की ताईसारखी आई असो. आणि शंभर लोकांना विचारू नका. दोघं-तिघं पुरे, त्यातला एक तरी असा हवा ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही.

भाच्याला काम दिलंय. येत्या शनिवारी पुन्हा सराफ्यात जायचं, पण दहीवडेवाल्याकडे कॅमेरा करायचाच नाही. फक्त बघणाऱ्यांचे चेहरे, आणि दहाच आणायचे. लवकर जा म्हटलंय, नंतर तिथे गुडघा टेकायला जागा मिळत नाही. ताईची परवानगी मी काढून ठेवली आहे.