पाहुणीनं कपबशी विसळायची नाही

परदेशात फुकट शिकवायला चाललेय म्हटल्यावर सांगलीत जो तो एकच विचारायचा, "आणि खाणार काय गं तिकडं?" आईनं भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या भरून बॅगेचं निम्मं वजन तिथंच संपवलं. उपासमारीची अशी जय्यत तयारी करून मी जॉर्जियाला पोचले. तिथं मरण होतं, पण उलट्या बाजूचं.

अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, हे निघण्याआधी गल्लीभर सांगून झालं होतं. हा कॉकेशसच्या कुशीतला देश, 1991 पर्यंत सोव्हिएत संघात असलेला. जुनी माणसं रशियन बोलतात, पोरांना इंग्रजी हवं असतं, म्हणून 2010 पासून तिथल्या सरकारनंच बाहेरची माणसं आणून खेड्यापाड्यांतल्या शाळांत बसवायला सुरुवात केली. मी गेले ते बऱ्याच नंतर, एका लहानशा संस्थेमार्फत. माझ्या वाट्याला आलं काखेती प्रांतातलं, तेलावीजवळचं गाव. खिडकी उघडली की पलीकडं बर्फाचे डोंगर आणि अलीकडं अलाझानी नदीच्या खोऱ्यात नजर पोचेल तिथवर द्राक्षं. मास्तरणीला राहायला खोली वगैरे भानगड नाही. एक घर तिला ठेवून घेतं.

माझ्या घरात बेबिया म्हणजे आजी, बाबुआ म्हणजे आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि आठवीतली नात. नात आमची दुभाषी. इंग्रजी बरं होतं तिचं, पण स्वभाव काटकसरी. बेबिया हातवारे करत पाच मिनिटं बोलायची, मध्येच डोळे पुसायची, आणि मी नातीकडं बघितलं की ती सांगायची, "खा म्हणते."

पाहुणा देवाकडून येतो, अशी तिकडं म्हण आहे. अतिथी देव आपल्याकडंही आहे, पण आपल्या देवांची एक सोय आहे. नैवेद्य दाखवायचा, भोवती पाणी फिरवायचं, ताट परत आत न्यायचं. देव खात नाही. काखेतीत देवानं खायचं असतं, ताट संपेपर्यंत खायचं असतं, आणि ताट संपत नाही, कारण संपलं तर यजमानांचं नाक कापलं जातं. टेबलावर जागा उरली नाही तर दोन बश्यांच्या काठांवर तिसरी बशी टेकवतात. खाली टोमॅटो-काकडीची अक्रोड घातलेली कोशिंबीर, पहिल्या मजल्यावर चीज, दुसऱ्या मजल्यावर खाचापुरी, म्हणजे पोटात मावेल तेवढं चीज भरलेली जाड रोटी. सकाळी साडेसातला. शाळेत जायच्या आधी.

आणि मी शाकाहारी. हे ऐकल्यावर बेबियानं माझा हात हातात घेतला आणि डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं. डॉक्टरचा संबंध नाही म्हटल्यावर तिनं कोंबडी आणली. कोंबडी नको म्हटल्यावर मासा. शेवटी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी मला किल्ली दिली: मांसाचं नाव काढू नकोस, 'सामार्ख्वो' पाहिजे म्हण. सामार्ख्वो म्हणजे उपासाचं. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास चिकार. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास आहे, ख्रिसमसच्या आधीचा आहे, शिवाय बुधवार-शुक्रवार. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतं नाही. युक्ती चालली. अक्रोड-लसणाचं वाटण भरून वर डाळिंबाचे दाणे पेरलेली वांगी समोर आली. मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा आला, त्यात कोथिंबीर सढळ हातानं. आपण शेंगदाण्याचं कूट घालतो तिथं ही माणसं अक्रोडाचं घालतात. आमच्या घरी अक्रोड डब्यात मोजून असतात आणि फक्त परीक्षेच्या आधी बाहेर निघतात. इथं झाड अंगणात आणि अक्रोड पोत्यात. जेवणाला तो सोनेरी रंग कशानं येतो हे मात्र मला दसऱ्याच्या सुमारास कळलं. वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती दाराला तोरण बांधत होती. हातातलं फूल खाली ठेवून ती वडिलांना म्हणाली, "अहो, पोरगी झेंडू खायला लागली."

तर सामार्ख्वोवर माझं उत्तम चाललं होतं. मग आली कार्तिकी एकादशी. मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, आज माझा खराखुरा उपास. बेबियाला भरून आलं. तिनं राजमा शिजवला, पाव भाजून आणला, फ्लॉवरचं लोणचं काढलं. त्यातलं मला एकही चालत नव्हतं. मी म्हटलं, मला बटाटा उकडून द्या, आणि दही. तिकडं मात्सोनी नावाचं घट्ट आंबट दही मिळतं, त्याला तोड नाही. पण दही? उपासाला? बेबियानं छातीवर क्रूस काढला. त्या रात्री नातीला माझ्या धर्माविषयी बरंच काही विचारलं गेलं असावं, कारण बोलणं पाऊण तास चाललं होतं. मला मिळालेला अनुवाद: "आजीला काळजी वाटते."

बाबुआची काळजी वेगळी होती. माझ्या वडिलांची तासगावकडं द्राक्षबाग आहे हे समजल्यापासून तो मला जवळची नातलग मानायला लागला. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथं 'र्तवेली' असते, म्हणजे द्राक्षांची तोडणी. 15 सप्टेंबरला शाळा उघडते आणि लगेच निम्मा वर्ग बागेत पळतो. मीही गेले. र्काट्सितेली नावाचे पांढरे घड, सापेरावी नावाचे काळेकुट्ट. घरामागच्या कोठारात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, त्यांना क्वेव्री म्हणतात. त्यात रस, साली, बिया, देठ सगळं ओतून तोंड लिंपून टाकायचं आणि वसंतात उघडायचं. या रांजणांतल्या वाइनच्या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनच्या खुणा सापडल्यात त्यांच्या देशात, आणि बाबुआ ते अशा थाटात सांगतो की पहिला रांजण त्यानंच पुरला असावा.

त्यानं विचारलं, "तुझा बाप किती रांजण भरतो?"

मी म्हटलं, एकही नाही. आम्ही बेदाणे करतो.

नातीला बेदाणे समजावून सांगावे लागले. घड काढायचे, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळ्यांवर पसरायचे, दोन-तीन आठवड्यांत वाळले की झाडून, निवडून खोक्यात. तिनं ते आजोबांना सांगितलं. बाबुआनं टोपी काढली. बराच वेळ तो गप्प बसला. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. एवढंच ते एक वाक्य नातीनं पूर्ण भाषांतरित केलं: "द्राक्षांचा काय दोष?"

पुढच्या रविवारी सुप्रा झाली. सुप्रा म्हणजे जेवणावळ, पण जेवण हा निव्वळ बहाणा असतो. खरी असतात ती भाषणं. तामादा नावाचा एक म्होरक्या असतो. तो उभा राहून देवाच्या नावानं बोलतो, मग शांततेच्या, मग गेलेल्यांच्या, मग आईबापांच्या, मुलांच्या, पाहुण्यांच्या, आणि प्रत्येक भाषणानंतर 'गाउमार्जोस!' म्हणून पेले रिकामे होतात. बायकांवर पिण्याची सक्ती नसते. ऐकण्याची असते. माझ्या पेल्यात डाळिंबाचा रस होता आणि त्याच्या जोरावर मी आठव्या भाषणापर्यंत तग धरला. नववं भारतासाठी होतं. राज कपूर झाला, मिथुन झाला. सोव्हिएत काळात त्यांचे सिनेमे इकडच्या थिएटरांत धो-धो चालले, तेव्हा हे दोघे होणारच. पण मग बाबुआ उठला आणि त्यानं केतेवानचा विषय काढला.

केतेवान ही काखेतीची राणी. धर्म सोडायला तयार होईना म्हणून 1624 मध्ये इराणात शिराझला तिला हाल हाल करून मारलं. तिथल्या पोर्तुगीज पाद्र्यांनी तिचे काही अवशेष गोव्याला आणले. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चचा अर्धा पडलेला मनोरा आहे ना, तिथं ती हाडं पुरातत्त्ववाल्यांना सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला, आणि 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजधानी तिबिलिसीला जाऊन त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या हवाली केला. आपल्याकडं ही बातमी आली आणि गेली. काखेतीत ती घरची गोष्ट आहे.

बाबुआनं विचारलं, सांगलीपासून गोवा किती लांब? मी म्हटलं, जवळच. आंबोली घाट उतरलं की गोवाच. झालं. सांगलीकरांनी चारशे वर्षं आमची राणी सांभाळली, म्हणून सांगलीच्या नावानं पेले भरले गेले. मी मान लववून गावाच्या वतीनं आभार स्वीकारले. आमच्या गल्लीतल्या लोकांना घरासमोरचं ड्रेनेजचं झाकण सांभाळता आलेलं नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.

अंघोळ हा स्वतंत्र विषय आहे. थंडी पडली की त्या घरात एकच खोली गरम, लाकडाची शेगडी पेटवलेली. बाकीचं घर म्हणजे फ्रीज. अशात मी रोज अंघोळ करते म्हटल्यावर सून हबकली, आणि रोज केस धुवायचे नसतात हे ऐकून जरा सावरली. ओले केस म्हणजे न्यूमोनिया. उघड्या खिडकीचा वारा म्हणजे पाठ धरणार. अनवाणी चालणं म्हणजे मूत्रपिंड गेलं. माझ्यासाठी दाराशी खास चपला होत्या आणि त्या मी विसरले की बेबिया त्या हातात घेऊन मागं मागं यायची. दगडाच्या पायरीवर बसायची तर बाईला बंदीच, पुढं मूल होत नाही म्हणे. मी सवयीनं मांडी घालून फरशीवर वह्या तपासायला बसले, तेव्हा घरात जो हलकल्लोळ झाला त्यात शेजारची बाईसुद्धा सामील झाली. एकदा शिंकले तर चाचा आली. चाचा म्हणजे द्राक्षांच्या चोथ्याची दारू, भडकती. प्यायची नसेल तर तळपायाला चोळतात. मी दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात उभी राहिले तेव्हा पहिल्या बाकावरची पोरं नाकानं शोध घेत होती.

आणि लग्न! त्या प्रश्नाला कंटाळून देश सोडावा तर तो आधीच तिथं जाऊन बसलेला. मिनीबसच्या ड्रायव्हरनं विचारलं, दुकानदारणीनं लारी, म्हणजे तिकडचे पैसे, मोजता मोजता विचारलं. मिनीबस चर्चवरून गेली की सगळी गाडी तीनदा क्रूस काढते, तेवढ्यापुरता विषय थांबायचा. बेबियानं तर मुलगाच काढला होता. त्याच्याकडं दोन हेक्टर सापेरावी होती.

शिकवणं हा या सगळ्यातला आरामाचा भाग. जॉर्जियन लिपीत तेहतीस अक्षरं आणि कॅपिटल हा प्रकारच नाही, त्यामुळं पोरं वाक्याची सुरुवात छोट्या एबीसीडीनं करायची. सांगलीत हेच ओरडून माझा घसा गेला होता, त्यामुळं घरच्यासारखं वाटलं. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीत. सहावीतला एक मुलगा तन्मयतेनं निबंध वाचायचा: माय ग्रँडफादर इज ओल्ड, शी हॅज अ मस्टॅश. वर्गात प्रश्न एकाला विचारला की उत्तर दहा दिशांनी कुजबुजत येतं. शेजाऱ्याला उत्तर न सांगणं हा तिथं नतद्रष्टपणा समजतात. पोरांचा आवडता खेळ म्हणजे माझ्याकडून 'बाकाकी त्सकाल्शी किकिनेब्स' म्हणवून घेणं. बेडूक पाण्यात डरावतो, एवढंच आहे ते, पण त्यातला प्रत्येक 'क' घशाच्या अशा तळातून काढावा लागतो की माझा बेडूक दरवेळी आजारी निघायचा. मी बदल्यात 'चटईला टाचणी टोचली' दिलं. त्यातला च त्यांना लगेच जमला, त्यांच्याकडं तो आहे. 'ट'नं मात्र अख्ख्या वर्गाचा बदला घेतला.

घरी आले की पुन्हा देव. मला कपबशी विसळायची होती, बस, एवढीच महत्त्वाकांक्षा. कप उचलला की सून हातातून काढून घ्यायची. मी पहाटे उठून रात्रीची भांडी घासायचा बेत केला, तर बेबिया माझ्याआधी उठून बसलेली. लाकडं आणायला गेले तर बाबुआ लाकडं आणि मी अशी दोन्ही आत घेऊन आला. फुकट शिकवायला आलेली बाई फुकट खाते, झोपते आणि तिच्या तळपायाला दारू चोळली जाते, हे मला फार लागत होतं.

फळी फुटली ती नववर्षाच्या आधी. मधात अक्रोड घोटून गोझिनाकी करतात तेव्हा, म्हणजे आपली चिक्कीच. त्याला ढीगभर अक्रोड फोडावे लागतात. सुनेला ताप होता, नात मोबाइलमध्ये होती. बेबियानं इकडं तिकडं बघितलं आणि हातोडी माझ्या पुढ्यात टाकली. मी फोडायला लागले. थोड्या वेळानं तिनं माझ्या वाटीत डोकावून टरफलाचा एक तुकडा चिमटीत उचलला, माझ्या नाकासमोर धरला आणि जे तोंड सोडलं! पाच मिनिटं. मी नातीकडं बघितलं.

"सगळं सांगू?" ती म्हणाली.

त्यानंतर मला विहिरीचं पाणीही आणायला सांगितलं जाऊ लागलं आणि कपबशी माझी मी विसळत होते. फेब्रुवारीत शेजारच्या गावातल्या शाळेसाठी एक उंच डच मुलगा आला आणि पहिल्या रविवारी आमच्याकडं जेवायला बसला. बेबियानं मला कोपरानं ढोसलं आणि खाचापुरीची परात दिली. दोन तुकड्यांनंतर त्यानं हसून ताटावर हात आडवा धरला. मीही हसले. परात घेऊन तशीच उभी राहिले. तेवढ्यात तामादा बोलायला उठला, पाहुण्याला शिष्टाचार म्हणून पेला उचलणं भाग होतं, आणि त्याचा हात ताटावरून निघाला.