माळवदाचा गारवा

गावाकडं घर बांधताना रोजच्या अडचणीतही समाधान सापडतं हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. आमचं मोहोळ तालुक्यात काम चालू आहे, स्लॅब पडला आणि दुसऱ्याच दिवशी बोअरची मोटर जळाली, पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस तरी पाणी मारावं लागतं आणि सोलापूरचं ऊन ४० च्या वर, मग टँकर मागवला, स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलं, शेजारचे काका न बोलवता पहाटे पाइप घेऊन आले. आईच्या हट्टानं जुन्या माळवदाची एक खोली तेवढी ठेवली, पांढऱ्या मातीचं छत, दुपारी आत किती गार वाटतं बघा! गवंडी चार दिवस आलाच नाही तेव्हा आम्ही सगळे तिथंच बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचो, लई बरं वाटायचं.