तीन दिवसांत खाल्लं नाही म्हणून सापाचं तोंड उघडू नका

सध्या सोलापुरात एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. "सापाचं नवीन पिल्लू आणलंय? मोठी काचपेटी घ्या. रोज अर्धा तास हातात घ्या, माणसाची सवय होते. तीन दिवसांत खाल्लं नाही तर चिमट्याने तोंड उघडून भरवा. जिवंत उंदीर रात्रभर सोबत सोडा. दूध ठेवा. ऊब लागते, म्हणून उन्हात ठेवा." गेल्या महिन्यात पाच जणांनी मला तो पाठवला. उत्तर एकदाच लिहितोय.

मेसेजमध्ये कुठलं पिल्लू हेच लिहिलेलं नाही, तिथूनच घोळ सुरू होतो. शेतात सापडलेलं धामणीचं, दिवडाचं, मांडुळाचं पिल्लू असेल तर पुढचं वाचूच नका; वनविभागाला किंवा सर्पमित्राला फोन करा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे ते घरात ठेवणं गुन्हा आहे. मी बोलतोय ते बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या परदेशी सापांबद्दल. त्यातही बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता "मोठी काचपेटी". बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो. अंधार, आणि अंगाला चारी बाजूंनी भिंत लागलेली. अशा सापाच्या दीड-दोन वीत पिल्लाला चार फुटी काचेत ठेवलं, तर तुम्हाला शोभा दिसते आणि त्याला लपायला जागा दिसत नाही. मी स्वतः हेच केलं होतं. 68 ग्रॅमचं पिल्लू, दिवाणखान्यात काचपेटी, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला "हात लावून बघा, काही करत नाही". ते खरंच काही करत नव्हतं. डोकं आत घालून चेंडू होऊन बसायचं. आम्ही म्हणायचो, किती शांत आहे! ती भीती होती. या सापाला 'बॉल' नाव पडलं तेही असं गोळा होण्यावरूनच. एकोणीस दिवस त्याने उंदराकडे ढुंकून पाहिलं नाही.

शेवटी चपलांच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, तळाला कोकोपीट घातलं. संक्रांतीची दोन सुगडं माळ्यावर पडली होती. त्यांच्या काठाला कानशीने खाच पाडून, धार घासून, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला पालथं घातलं. डब्यावर जुनी सोलापुरी चादर टाकली, हवेच्या भोकांची बाजू उघडी ठेवून. आठ दिवस फक्त पाणी बदललं, हात लावला नाही. नवव्या रात्री चिमट्याने कोमट हॉपर (उंदराचं नुकतंच केस फुटलेलं मेलेलं पिल्लू) सुगडाच्या तोंडाशी धरला. आधी जीभ आली, मग काही नाही, आणि मग एकदम झडप. वजन तोवर 62 ग्रॅमवर आलं होतं. म्हणजे "रोज अर्धा तास" वाल्यांनो, ते उपाशी राहिलं ते माझ्या हौसेपायी. खाल्ल्यावरही दोन दिवस हातात घ्यायचं नाही, नाहीतर ओकून टाकतं. ओकलंच, तर दहा-चौदा दिवस पोटाला विश्रांती आणि पुढचं भक्ष्य लहान.

"तोंड उघडून भरवा" हा त्यातला सर्वात घातक सल्ला. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी पुढेच उघडते. चिमटा हुकला की दात तुटतात, हिरडी फाटते, जबडा सुजतो, आणि मग खायची इच्छा असली तरी खाता येत नाही. साप आपल्यासारखा अंगाची ऊब खाण्यातून तयार करत नाही, त्यामुळे त्याला थोडक्यात भागतं. तीन दिवस म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. नकार दिला तर भक्ष्य उचला आणि पाच-सात दिवस थांबा. रोज नाचवू नका. विकणाऱ्याला आधीच विचारा: लहान जातीचा उंदीर (माउस) खात होतं की मोठ्या जातीच्या उंदराचं (रॅट) पिल्लू, जिवंत की फ्रीजरमधलं, शेवटचं कधी? मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

जिवंत उंदराचं म्हणाल, तर रात्रभर कोंडलेला उंदीरच सापाला कुरतडतो. भुसार दुकानातला तर मुळीच नको, त्याच्या पोटात उंदराचं औषध असू शकतं. फ्रीजरमधला उंदीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बर्फ सुटू देऊन, पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करा. (वेगळा डबा ठेवा. आमच्या आईने शेंगाचटणीशेजारी तो डबा पाहिला तो दिवस मी विसरणार नाही.)

दूध? सापाला पचत नाही. तहानलेला साप समोर येईल ते पितो, एवढंच.

आणि ऊन. परदेशी व्हिडिओ बघून इथे हीट मॅट (डब्याखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) लावणाऱ्यांनी मे महिना आठवावा. पारा 42-43 ला, वर पत्र्याचं छप्पर. बॉल पायथनची उबेची बाजू 31-33 अंश पुरते, गार बाजू 25-27. कॉर्न स्नेकला याहूनही कमी. उन्हातल्या बंद डब्यात पिल्लू काही मिनिटांत मरतं. उन्हाळ्यात इथे खटाटोप गारव्याचा असतो: घरातली सर्वात खालची, उत्तरेकडची खोली, कूलर चालू, आणि पाण्याचा जड वाडगा. हवा कोरडी पडली की कातही तुकड्यातुकड्यांत निघते. हीट मॅटचे दिवस डिसेंबर-जानेवारीतले, तेही थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं बटण) लावूनच.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्यासारख्या डिजिटल काट्यावर वजन लिहून ठेवा. काटा मात्र वेगळा घ्या. पिल्लाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घसरलं, तोंडातून फेस आला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर डॉक्टर. सापावर उपचार करणारा पशुवैद्य कोण हे पिल्लू आणायच्या आधीच विचारून ठेवा. पुण्याला न्यायची वेळ आली तर 250 किलोमीटर आहे, आणि ते मे महिन्यातलं 250 किलोमीटर असू शकतं.